संचालक अकरा, शिक्का एक

पतसंस्थेच्या मंडळात अकरा संचालक होते आणि प्रत्येकाच्या मनात एकेक बोधचिन्ह. शेतकरी संचालकांना कणीस हवं होतं, वर्कशॉपवाल्यांना दातेरी चाक, निवृत्त गुरुजींना उघडं पुस्तक, अध्यक्षांना उगवता सूर्य. उपाध्यक्ष हस्तांदोलनावर अडून बसले, कारण 'सहकार दिसला पाहिजे'. मी नवखा डिझायनर. सगळं एका वर्तुळात कोंबलं, भोवती संस्थेचं लांबलचक नाव आणि खाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक. ए-फोर कागदावर ते झोकात दिसलं. चहा-बिस्किटांसह एकमतानं मंजूर.

आठवड्याभरानं व्यवस्थापकांचा फोन आला. ''शिक्केवाला म्हणतोय, हे निघत नाही.'' जाऊन बघतो तर इंचभर रबरात सूर्याची किरणं चाकाच्या दात्यांत शिरलेली, कणसाची जळमटं झालेली आणि सहकाराच्या जागी काळा डाग. एका आजींनी पासबुक खिडकीतून परत सरकवलं होतं. ''बाळा, शाई सांडलीये यावर.''

तेव्हापासून एक सवय लागली. गिऱ्हाइकाला काही दाखवण्याआधी ते नुसत्या काळ्या रंगात, नखाएवढं छापायचं, भिंतीला चिकटवायचं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं. ओळखू आलं नाही तर एक रेघ काढून टाकायची. पुन्हा बघायचं. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी.

स्टेट बँकेचं चिन्ह बघा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी 1971 साली केलेलं. निळं वर्तुळ, मध्ये छोटा गोल, खाली एक फट. पासबुकावर, पाटीवर, एटीएमच्या दारावर ते सारखंच ओळखू येतं. कुणाला त्यात कुलपाचं भोक दिसतं, तर ते कांकरिया तलावावरून सुचलं, अशीही एक दंतकथा आहे. चिन्ह चाललं की गोष्टी लोक आपणहून जोडतात. पण आमच्या धंद्यात उलटं चालतं. आधी चार पानी अर्थ लिहून काढतात, मग तो चिन्हात भरत बसतात.

रुपयाचं चिन्ह 2010 मध्ये ठरलं. तीन हजारांहून जास्त प्रवेशिकांतून निवडलेलं डी. उदयकुमार यांचं रेखाटन म्हणजे देवनागरी 'र' आणि दांडी नसलेला रोमन 'आर'. भाजीवाली खडूनं पाटीवर ₹ काढते, तेही बघता बघता. माझ्या मते याहून कडक परीक्षा दुसरी नाही.

आता रंगाचा किस्सा, जो मला महागात पडला. एका मसालेवाल्याला कॉम्प्युटरवर पोपटी रंग दाखवला. गडी खूश! पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो आणि छापखान्यातला चार शायांचा, हे मला ठाऊक होतं. पण त्यांना सांगायचं राहिलं आणि प्रूफ काढायचंही. खोकी छापून आली ती ओल्या मेंदीच्या रंगाची. ''आमची कोथिंबीर सुकली की काय?'' असं विचारून त्यांनी माल परत पाठवला. दुसऱ्या छपाईचा खर्च मी सोसला. हुज्जत घालायला तोंडच नव्हतं.

आणि अक्षरं! देवनागरी नावाच्या लोगोची खरी वाट लागते ती फ्लेक्सवाल्याकडे. एका मिठाईच्या दुकानासाठी मी आठ दिवस खपून अक्षरं हातानं वळवली होती. नावात एक रफार होता, त्याची वेलांटीशी टक्कर होऊ नये म्हणून तोही वेगळा बसवला. उद्घाटनाला गेलो तर दारावर दुसरंच काहीतरी! जाडजूड तयार फॉन्ट, वर सोनेरी सावली, आणि रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेला. फ्लेक्सवाला शांतपणे म्हणाला, ''फाइल उघडली नाही साहेब, म्हणून टाइप करून घेतलं. नाव तर तेच आहे ना?''

चूक त्याची कमी, माझी जास्त. दुकानदाराला मी कच्ची फाइल आणि व्हॉट्सअॅपवरचा फोटो दिला होता. अक्षरांचे कर्व्ह केले असते, म्हणजे अक्षरं आकृत्यांत बदलली असती, तर फॉन्टचा प्रश्नच उरला नसता.

पतसंस्थेनं चार वर्षांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा संचालक मंडळ बदललं होतं. या खेपेला मी रेखाटन नेलंच नाही. तीन रबरी शिक्के करून नेले, सोबत स्टॅम्प पॅड. प्रत्येकानं कोऱ्या कागदावर उमटवून बघितलं. अकरातल्या आठ जणांनी नुसत्या कणसाला मत दिलं.

तुम्ही लोगो करून घेणार असाल, तर पैसे चुकते करण्याआधी कर्व्ह केलेली मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. आणि बरोबर एक शिक्काही.