मलमातला ‘भरणा’

दहा हजार भाग जेलात औषध किती? अवघा एक भाग! मधुमेह्याच्या पायावरची हट्टी जखम भरावी म्हणून १९९७ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘बेकाप्लर्मिन’ जेलाचे हे प्रमाण. मग उरलेले ९,९९९ भाग कशासाठी?

गिऱ्हाइकाच्या लेखी तो नुसता भरणा. औषधाच्या दुकानात बसून मी रोज पाहतो. नळीवरचे औषधाचे नाव लोक चष्मा पुसून वाचतात, ‘बेस’ कोणता हे कुणी विचारीत नाही. चाचण्यांतही ‘खोटे औषध’ म्हणून तोच वापरला गेला.

आणि तिथेच गंमत झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १७२ रुग्णांचे तीन गट होते. एकाला नुसती चोख निगा, दुसऱ्याला शिवाय बिनऔषधाचा जेल, तिसऱ्याला औषधी जेल. जखम पूर्ण भरली ती अनुक्रमे शेकडा २२, ३६ आणि ४४ जणांची. चाचणी लहान, तेव्हा आकड्यांवर शपथ घेऊ नये. पण बाविसावरून छत्तिसावर नेले ते ‘निष्क्रिय’ म्हणवणाऱ्या द्रव्याने!

हे द्रव्य म्हणजे सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. ते पाणी धरून ठेवते. आमची आजी म्हणे, “वारा लागू दे, खपली धरेल.” पण १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने येते. ओल्या पृष्ठावर नव्या पेशी सरसर सरकतात. खपलीखाली त्यांना वाट खणावी लागते.

प्रत्येक बेस असा गुणी नसतो, बरे का! काही मलमांतले पॉलिएथिलीन ग्लायकॉल मोठ्या उघड्या जखमेतून रक्तात शिरते, आणि मूत्रपिंड अधू असेल तर ते घातक ठरू शकते. मधुमेह्यांत अशी मूत्रपिंडे काही कमी नाहीत.

परवा शेजारच्या चाळीतले आजोबा म्हणाले, “मग तो बिनऔषधाचाच जेल द्या की, स्वस्तात!” त्यांच्या टाचेला जखम होती, आणि त्याच टाचेवर ते दोन जिने उतरून आले होते. दुखत नव्हते ना! नसा बधिर झालेल्या. चाचणीतल्या तिन्ही गटांची मेलेली कातडी काढली जात होती, पायावरचा भारही उतरवला जात होता, हे मी त्यांना सांगितले. मग खुर्ची दिली आणि त्यांच्या मुलाला फोन केला, “आजच डॉक्टरांकडे न्या, रिक्षाने.”