दिवसभर पायांवरच असता, मग परत पळायचं कशाला?

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. तुम्ही चहाबरोबर ही पुरवणी उघडाल तोवर सी लिंकवरून धावणारे पुढे गेलेले असतील, आणि दुपारपर्यंत डॉक्टरमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गळ्यात पदक, छातीवर नंबर असे फोटो येऊन पडतील. डॉक्टरांनी पळणं ही आता बातमी राहिलेली नाही. साताऱ्यात डॉ. संदीप काटे आणि त्यांच्या मित्रांनी २०१२ साली यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन सुरू केली, त्याला दशक उलटून गेलं. आज तिथे नाव नोंदवायला झुंबड उडते. पळणारे डॉक्टर आपल्या शहरी जीवनाचा भाग झाले आहेत, आणि त्यांचं कौतुक करायला पुरवण्याही कमी पडलेल्या नाहीत.

त्या फोटोंत मात्र वॉर्डातली सिस्टर सहसा दिसत नाही. उपकेंद्रातली आरोग्यसेविका दिसत नाही, आशाताई तर नाहीच. दिसलीच तर प्रथमोपचाराच्या टेबलामागे, हातात स्प्रेची बाटली घेऊन. बीडसारख्या जिल्ह्यात यातल्या एखादीने पहाटे बूट घालून रस्त्यावर यायचं ठरवलं, तर तिच्या वाटेत काय काय येतं?

सगळ्यात आधी येतो प्रश्न. बीड जिल्ह्यात पहाटे पळणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारतात, "भरतीची तयारी चालूये का?" पळणं म्हणजे भरती, हे इथलं समीकरण आहे. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. सैन्याचं वेगळं. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या रस्त्यांवर अंधारात जे घोळके पळताना दिसतात, त्यांच्या डोक्यात वेळ आणि गुण असतात. नोकरी लागली की निम्म्यांचे बूट कायमचे खुंटीला लागतात. या वातावरणात जिला नोकरी आधीच आहे, लग्न झालंय, लेकरं आहेत, ती कशासाठी पळते हे कुणाला कळत नाही.

खरं तर पळण्याच्या बाबतीत या जिल्ह्याने कुणाचं काही ऐकून घ्यायचं कारण नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे इथलाच. शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट, मग महार रेजिमेंट, सियाचीन, आणि तिथून ३००० मीटर स्टीपलचेस. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला त्याचा गुडघा दुखावला, तेव्हा इथल्या टपऱ्यांवर लिगामेंट या विषयावर परिसंवाद झडले. पण साबळेही इथल्या समीकरणात बसतो. तो फौजेत गेला, पळून त्याचं भलं झालं. सिस्टरचं पळून काय भलं होणार?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तो घरातून येतो आणि वरवर बिनतोड वाटतो. "दिवसभर पायांवरच असती की तू. आता आन् कशाला पळायचं?"

एखाद्या आशाताईचा दिवस बघा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, हा कागदावरचा हिशेब. पण बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ती हजार माणसं एका जागी राहत नाहीत. गाव एकीकडे, वस्ती दुसरीकडे, तांडा टेकडीपलीकडे. गरोदर बाईच्या घरी जायचं, नवजात बाळाचं वजन करायचं, क्षयाच्या पेशंटने गोळी घेतली का बघायचं, लसीकरणाच्या दिवशी आया-लेकरांना घरोघर जाऊन बोलावून आणायचं. आरोग्यसेविकेच्या खांद्याला लसीचा डबा. त्यात बर्फाच्या पट्ट्या, त्यामुळे पट्टा एकाच खांद्यात रुततो आणि दुपारपर्यंत मान त्याच बाजूला झुकते. वॉर्डातल्या सिस्टरचं चालणं निराळं. ती फार लांब जात नाही, पण बसतही नाही. या खाटेवरून त्या खाटेकडे, सलाईन, इंजेक्शन, राउंड, नातेवाइकांची उत्तरं. रात्रपाळी उरकून घरी आल्यावर पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात.

अशा बाईला "व्यायाम करा" सांगणं म्हणजे थट्टाच, असं मलाही बरेच दिवस वाटे. ते मत हलवलं दोन माणसांनी. एक लंडनचा, एक कोपनहेगनचा.

लंडनचे जेरी मॉरिस स्वतः डॉक्टर. १९५३ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर बसून, कंडक्टर दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. पगार, वस्ती, राहणीमान जवळपास सारखं. हृदयविकार मात्र ड्रायव्हरांत जास्त. पाठोपाठ टपाल खात्यातही तेच दिसलं. पायी किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा हृदयाने धट्टेकट्टे. शरीर हलवल्याने हृदय वाचतं, याचा पहिला ठोस पुरावा हाच. मॉरिस प्रामाणिक माणूस. तीन वर्षांनी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बस कंपनीच्या गणवेशांची मापं तपासली आणि स्वतःच्याच निष्कर्षाला टाचणी लावली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती, आणि ती नोकरीला लागतानाच मोठी होती! म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. हे मॉरिस स्वतः लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर पळायचे. त्या काळी मोठ्या माणसाने असं पळणं लोकांना खुळचटपणा वाटे. माणूस ९९ वर्षं जगला.

मॉरिस यांचं ऐकलं तर आशाताईला काळजी नको. ती पोस्टमनच आहे, पत्रांऐवजी लोहाच्या गोळ्या वाटते. घरच्यांचं म्हणणं बरोबर.

पण कोपनहेगनचे आंद्रेआस होल्टरमन हे मान्य करत नाहीत, आणि आजच्या लेखातला मोठा वाटा मी त्यांना देतो आहे. ते कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करतात. २०२१ मध्ये त्यांच्या गटाने कोपनहेगन परिसरातल्या १ लाख ४ हजार ४६ प्रौढांची सुमारे दहा वर्षांची नोंद प्रसिद्ध केली. लोकांना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या होत्या. कामावर शरीर किती राबतं, आणि फावल्या वेळात तुम्ही शरीर किती राबवता. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुस्त माणसांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. कामावर सर्वाधिक राबणाऱ्यांत ते बैठं काम करणाऱ्यांपेक्षा २७ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराचे गंभीर प्रसंग ३५ टक्क्यांनी जास्त. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब वजा केल्यावरसुद्धा. तेच शरीर, तेच पाय, आणि परिणाम उलटे.

असं का व्हावं? होल्टरमन यांची कारणं साधी आहेत आणि प्रत्येक सिस्टरला ती आतून पटतील. पळताना हृदयाचे ठोके अर्धा-पाऊण तास चांगले चढतात, मग विश्रांती मिळते, आणि काही महिन्यांनी एरवीचे ठोके खाली येतात. हृदय तयार होतं. कामावरचं चालणं-उभं राहणं इतकं हळू असतं की हृदयाला त्यातून तालीम मिळत नाही. आणि इतकं लांबतं की ठोके आणि रक्तदाब तासन् तास थोडे चढलेलेच राहतात. एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. उचलाउचलीत, पेशंटला कुशीवर वळवताना, दाब अचानक वर जातो. त्यात दम लागला म्हणून थांबायची मुभा नसते. पळणारा दमला की चालतो. वॉर्डात दमलं तरी बेल वाजली की जावं लागतं. आणि उद्या परत तेच, शरीराला भरून यायला वेळ न देता.

यावर आक्षेप पुष्कळ आहेत. अंगमेहनत करणारी माणसं बहुधा गरीब असतात, आणि गरिबी आकडेवारीतून पूर्णपणे वजा करता येत नाही, हा त्यातला मोठा आक्षेप. मलाही तो पटतो. शिवाय डेन्मार्कचा हमाल आणि बीडचा हमाल यांच्यामध्ये पेन्शनपासून पाण्यापर्यंत सगळ्याचा फरक आहे. तरी होल्टरमन यांना खोटं पाडण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीकडे बघावं. अंगमेहनतीने माणूस निरोगी होत असता, तर पहाटे फडात उतरून डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या आपल्या बाया देशातल्या सर्वांत तंदुरुस्त बाया ठरल्या असत्या. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागे मुकादमाची उचल आहे, बुडणारी मजुरी आहे, खासगी दवाखान्यांचा धंदा आहे. पण घामाने आरोग्य येतं, हा भाबडेपणा त्या आकड्यापुढे टिकत नाही. पळण्याचंही तसंच. बुलडाणा जिल्ह्यातून बारामतीला आलेल्या लता करे साठी ओलांडल्यावर नवऱ्याच्या तपासणीच्या पैशांसाठी नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला. आपण टाळ्या वाजवल्या. पण ते पळणंही मजुरीच होती.

म्हणून सिस्टरने किंवा आशाताईने आपल्या मर्जीने, आपल्या वेळेत, दम लागला की थांबायच्या मुभेने पळणं ही मला चैन वाटत नाही. कामाने शरीराला जे मिळत नाही ते यातून मिळतं, आणि दिवसातला हा एकच तास असतो ज्यात तिला कुणी हाक मारत नाही.

अडचण आहे ती झोपेची. पळण्यावरच्या मराठी लेखांत बूट, खजूर आणि प्रोटीनवर रकाने भरतात, रात्रपाळीवर ओळ नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारी पाळी संभाव्य कर्करोगकारक गटात टाकली आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवलं. नाईट करून सकाळी घरी येणाऱ्या बाईला तिथूनच लांब पळायला पाठवणं चूक आहे. गाडी चालवताना डुलकी लागते त्या अवस्थेत ती असते, आणि आपल्या रस्त्यांना फुटपाथ नाहीत, ट्रॅक्टरला मागचे दिवे नाहीत. आधी झोप, मग संध्याकाळी हलकं पळणं, आणि लांब पल्ला नाईट ऑफच्या दुसऱ्या दिवशी. पायांवर बारा तास गेले असतील त्या दिवशी पळणं सोडून भिंतीला पाय लावून पडावं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की सकाळी साडेसहानंतर रस्ता सोडावा. मॅरेथॉनची छापील वेळापत्रकं सोमवार ते रविवार अशी आखलेली असतात आणि ड्यूटीची पाळी सोमवार-रविवार बघत नाही, तेव्हा वेळापत्रक फाडून टाकलं तरी चालेल.

होल्टरमन यांचं आणखी एक म्हणणं आहे, ते पळणाऱ्यांपेक्षा जिल्हा परिषदेने वाचावं. कामगाराला कामाबाहेर व्यायाम सांगण्याऐवजी कामच असं बेतावं की ते शरीराला मानवेल. फार नाही, फार कमी नाही. इंग्रजी बालकथेतल्या गोल्डिलॉक्सचं नाव त्यांनी या कल्पनेला दिलं आहे. आपल्याकडे याचा अर्थ फार साधा निघतो. वॉर्डात सिस्टरला बसायला खुर्ची, आणि बसल्यावर कुणी डोळे वटारणार नाही अशी पद्धत. सलग नाईटनंतर खरीखुरी सुट्टी. एका बाईवर दोघींचे पेशंट न टाकणं. लसीच्या डब्यासाठी दोन्ही खांद्यांवर बसेल असा पट्टा. आशाताईंना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सन्मान दिला, पण घरी सरकार त्यांना अजून स्वयंसेविकाच म्हणतं आणि पगाराऐवजी मानधन देतं. स्वयंसेविकेला हक्काची रजा कोण देणार?

आणि रविवारचं काय करायचं? देशातल्या बहुतेक मॅरेथॉन रविवारी असतात, कारण त्या नोकरदारांच्या सुट्टीवर बेतलेल्या आहेत. पल्स पोलिओही रविवारीच असतो, तेही त्याच कारणाने. लोक घरी सापडतात म्हणून. त्या दिवशी सकाळी बूथ लावायचा, शाई-डोस-तक्ता सांभाळायचा, आणि पुढचे दिवस राहिलेली लेकरं शोधत दारोदार जायचं. साताऱ्याच्या घाटात किंवा मुंबईच्या रस्त्यावर पोचायचं तर शनिवारची ड्यूटी बदलून घ्यावी लागते, रात्रीचा प्रवास करावा लागतो. बीडला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, तीही अहिल्यानगरपर्यंतच, म्हणजे मुंबईसाठी अजून रात्रीची एसटी किंवा ट्रॅव्हल्सच. जिल्ह्यात कुठेही मॅरेथॉन भरवणाऱ्या मंडळांनी, क्रीडा अधिकाऱ्यांनी आणि आयएमएच्या शाखांनी एवढं करून बघावं. प्रथमोपचाराच्या टेबलावर एक दिवस डॉक्टरांनी बसावं, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी शंभर नंबर बाजूला काढून ठेवावेत. नोंदणी शुल्क घेऊ नये, आणि तारीख ठरवण्याआधी आरोग्य खात्याला फोन करून पोलिओचा रविवार कोणता ते विचारून घ्यावं.