निवृत्तांच्या गावात खराटा कोणाच्या हाती?

निवृत्त झाल्यावर माणसाने करायचे काय? आपल्याकडे नातवंडांना शाळेत सोडणे, रेशनच्या रांगेत उभे राहणे आणि सायंकाळी विहारात बसणे, यात दिवस जातो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ, निवृत्तांसाठी एक गावच वसविले आहे. नाव सन सिटी. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ते खुले केले. घरात निदान एक माणूस ५५ वर्षांचा हवा. १९ वर्षांखालील मुलांना तिथे कायम राहता येत नाही. नातू येतो तो पाहुणा म्हणून. हे काही आमच्या गळी उतरत नाही.

दिवस मात्र भरलेला. पोहणे, सुतारकाम, मातीची भांडी, नाच, पत्ते, ज्याचा त्याचा क्लब. अर्थात, तिथे घर घेण्याची ऐपत असेल त्याला.

आम्हाला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. या गावाला नगरपालिकाच नाही. म्हणून रस्त्याकडेचा कचरा उचलणे, झाडे छाटणे ही कामे ‘प्राइड्स’ नावाच्या मंडळातली निवृत्त माणसे स्वतः करतात, तीही बिनपगारी. जन्मभर खुर्चीवर बसलेल्याने खराटा धरला म्हणून त्याची पायरी कोणी खाली आणीत नाही. ज्यांचे वडील पालिकेच्या सफाई खात्यात झिजले, त्यांना यातले मर्म सांगायला नको.

आमच्या वस्तीतल्या अशाच एका निवृत्त बाबांना आम्ही हे वाचून दाखविले. झाडण्याचे त्यांना काहीच वाटले नाही. पोहायला कोण शिकवतो, एवढेच त्यांनी विचारले.