अंगठा पोचेल तिथे

संपादकांनी पोलिसांच्या साधनांवर लिहायला सांगितलं, म्हणून डेन्व्हरजवळच्या एका फायरिंग रेंजवर गेलो. तिथे पोलिसांच्या पिस्तुलांची देखभाल करणारा एक जुना कारागीर भेटला. नळीखालच्या दिव्यांचा विषय निघाला, तेव्हा प्रकाश किती पडतो यावर तो फारसा बोलला नाही. बोलला तो बटणावर.

या दिव्यांचा इतिहास लहानसा आहे. पुढे शुअरफायर या नावाने ओळखल्या गेलेल्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने 1984 च्या ऑलिंपिकच्या वेळी लॉस एंजेलिस पोलिसांच्या स्वाट पथकाला शॉटगनवरचे दिवे करून दिले. नव्वदच्या दशकात पिस्तुलांच्या सांगाड्यालाच खाचा आल्या आणि दिवा खालून सरकवून बसवणं सोपं झालं. आज तळहातावर मावणारा दिवा हजार ल्युमेन प्रकाश देतो.

पण तो लावायचा कोणत्या बोटाने? शुअरफायरच्या एक्स-300 दिव्याला मागच्या बाजूला, ट्रिगर गार्डच्या जरा पुढे, दोन्हीकडे चिंचोक्याएवढी पाकळी असते. ती पुढे दाबली तर दाब असेपर्यंतच दिवा लागतो. वर किंवा खाली फिरवली तर लागलेलाच राहतो. उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्याचा डावा अंगठा तिथे यावा, अशी कल्पना. मोठ्या पंजाला ते सहज जमतं. लहान पंजाच्या माणसाला पकड सैल करून अंगठा ताणावा लागतो. कारागिराने माझ्या हातात गोळ्या काढलेलं, तपासलेलं पिस्तूल दिलं आणि मला ते लगेच कळलं: अंगठा पाकळीच्या अलीकडेच थांबत होता.

मग त्याने लांब पाकळी बसवून दाखवली. अशा पाकळ्या वेगळ्या विकत मिळतात. स्ट्रीमलाइटच्या टीएलआर-7ए दिव्यासोबत तर उंच आणि बुटकी अशी दोन्ही बटणं येतात. ज्याने त्याने आपल्या हाताप्रमाणे निवडावं. फरक काही मिलिमीटरचा, पण पकड न हलवता दिवा लागला. इतक्या बारीक कामाला वाहून घेतलेल्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

काळजी मात्र इथूनच सुरू होते. याच सोयीसाठी पूर्वी बटण वायरने मुठीवर, ट्रिगर गार्डच्या अगदी खाली आणलं गेलं. मधल्या बोटाने मूठ आवळली की दिवा लागे. चाप त्याच हाताच्या तर्जनीखाली! 2010 साली टेक्सासमधल्या प्लेनो शहरात पोलिसाच्या गोळीने एक तरुण मारला गेला; आपण दिवा लावायला गेलो होतो, असं त्या अधिकाऱ्याने सांगितलं. 2014 मध्ये ‘डेन्व्हर पोस्ट’ने अशा आणखी घटना शोधून काढल्या, आणि डेन्व्हर पोलिसांत मुठीवरच्या या बटणांवर बंदी आली. माझ्या मते ती योग्यच होती. हाताची बोटं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात.

डावा अंगठाही सर्वस्वी निर्धोक नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचे रॉजर एनोका यांनी नकळत चाप ओढला जाण्याची कारणं मांडली आहेत. दचकणं आणि तोल जाणं ही त्यांतली दोन. तिसरं असं की एका हाताने जोर लावला की दुसऱ्या हाताचे स्नायूही आवळतात. म्हणजे बटण जितकं ताठ, तितका धोका जास्त. म्हणून अंगठ्याला सहज पोचणारी, हलक्या दाबाने चालणारी पाकळी ही सुरक्षेचीच गोष्ट आहे.

पण हलकी पाकळी होल्स्टरच्या कडेला घासली तरी दिवा लागतो. कुणाच्या लक्षात येत नाही; बॅटरी संपते, दिवा तापतो आणि ऐन वेळी अंधार. लांब पाकळी कित्येक होल्स्टरमध्ये मावतच नाही. ती मावावी म्हणून कुणी घरीच होल्स्टर कापतो, तर कुणी मूळ पाकळीवर रबराचा तुकडा डकवतो. डकवलेला तुकडा निसटून होल्स्टरमध्ये अडकू शकतो. शिवाय कुठलंही बटण बसवलं तरी एक अडचण उरतेच: या दिव्याने जे पाहायचं, त्याच्यावर नळी रोखावी लागते. म्हणून शोधण्यासाठी हातातला वेगळा टॉर्च जवळ हवाच.

बटण बदलणं काही मिनिटांचं काम आहे, हाताची सवय बदलायला फार दिवस लागतात. पोलीस दलांनी एवढं करावं: बटण बदललेल्या प्रत्येकाला आधी रिकाम्या पिस्तुलावर आणि मग रेंजवर अंधारात पुन्हा सराव द्यावा, आणि तो पुरा होईपर्यंत ते पिस्तूल ड्युटीवर नेऊ देऊ नये.