सॉलिड स्टेट ड्राइव्हमधील जुन्या मजकुराचे मंद वाचन

भिवंडीच्या गोदामांत पूर्वी मालाची नोंद वहीत होई. आता ती बहुतांशी संगणकात होते. वहीचे पान जुने झाले म्हणून वाचावयास अधिक वेळ लागत नाही. सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या बाबतीत मात्र तसे घडू शकते. सॅमसंगच्या ‘८४० ईव्हो’ या ड्राइव्हमध्ये हा दोष २०१४ साली उघडकीस आला. त्याच ड्राइव्हवरील नवी फाईल झपाट्याने वाचली जाई. कित्येक आठवडे तशीच पडून राहिलेली मात्र अतिशय मंद गतीने. अर्थात वय मोजावयाचे ते मजकुराचे.

या ड्राइव्हच्या प्रत्येक पेशीत तीन बिट असतात. त्यांसाठी विद्युत्भाराच्या आठ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. कालांतराने भार पाझरतो, पातळ्या सरकतात आणि नियंत्रकास संदर्भ-दाब बदलून तेच पान पुनःपुन्हा वाचावे लागते. मजकूर शाबूत राहतो, वेळ तेवढा जातो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हमधील अंतःस्थ आज्ञावली, सुधारली व जुना मजकूर पुन्हा लिहून काढणारे साधन दिले. मंदपणा परतला. एप्रिल २०१५ च्या फर्मवेअरने हे पुनर्लेखन ठरावीक काळाने आपोआप करण्याची योजना केली. यास रोगनिवारण म्हणणे कठीण; शिवाय प्रत्येक पुनर्लेखनाने पेशींचे मर्यादित आयुष्य किंचित घटते.

हे कार्य वीज चालू असतानाच होते. जुन्या हिशेबाची प्रत उतरवून पत्र्याच्या छपराखाली कपाटात ठेवलेल्या ड्राइव्हला फर्मवेअरचे साहाय्य नाही. उष्णतेने तर भार अधिकच वेगाने पाझरतो. जेडेक संस्थेच्या मानकानुसार सामान्य वापराच्या ड्राइव्हने, लेखनक्षमता संपत आल्यावरही, वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर टिकवावा अशी अपेक्षा आहे. भिवंडीतील मे महिन्याची दुपार त्या ३० अंशांच्या बरीच वर असते.