इलेक्ट्रिक गिटारचे पिकगार्ड आणि त्याचे स्क्रू

पिकगार्ड म्हणजे गिटारच्या अंगावर, तारांखाली बसवलेली प्लास्टिकची पातळ पट्टी. पिकचे ओरखडे लाकडावर उमटू नयेत, हे तिचे मूळ काम. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मात्र पिकअप, बटणे आणि बरेचसे वायरिंग याच पट्टीवर असते. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात इथले स्क्रू काढण्यापासून होते. १९५४ साली आलेल्या या गिटारची एकपदरी पट्टी ८ स्क्रूंनी धरलेली होती. १९५९मध्ये तीनपदरी सेल्युलॉइड आले आणि स्क्रू ११ झाले. सेल्युलॉइड वर्षानुवर्षे आकसत जाते; स्क्रूंनी जखडलेले असल्यामुळे ते बहुधा भोकापाशीच तडकते. जुन्या गिटारींवरच्या भेगा त्यातूनच आलेल्या.

अकोला-अमरावतीकडे हे स्क्रू आवळताना अधिकच काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याहीवर चढतो आणि पाठोपाठ दमट पावसाळा येतो. उष्णतेने प्लास्टिक लाकडापेक्षा जास्त प्रसरण पावते, तर ओलाव्याने लाकूड फुगते. म्हणून स्क्रू पट्टीला टेकेपर्यंतच फिरवावा. पेचकसावर जोर दिला की लाकडातले आटे जातात. तसे झालेच, तर भोकात सरस लावलेली काडेपेटीतली काडी, गूल काढून, बसवावी. सरस पूर्ण वाळल्यावर बारीक भोक पाडून तोच स्क्रू पुन्हा हलक्या हाताने आवळावा.