आज्ञेचा पदच्छेद : सी भाषेतील पर्याय आणि उपपर्याय

व्याकरणाच्या अभ्यासकास पदच्छेदाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. छेद चुकला की अन्वय बिघडतो आणि अन्वय बिघडला की अर्थ हातचा जातो. संगणकास दिलेल्या आज्ञेलाही हाच न्याय लागू पडतो. बोलींचे शब्दसंग्रह आता प्रोग्रामच्या साह्याने निवडले व तपासले जातात. अशा वेळी आज्ञेचा छेद चुकला तर प्रोग्राम थांबतोच असे नाही. पुष्कळदा तो चुकीची यादी निमूटपणे पुढे करतो. म्हणून हा छेद कोण करतो आणि कसा करतो, हे भाषेच्या अभ्यासकाने जाणून घेणे इष्ट होय.

उदाहरणादाखल जालना जिल्हा घेऊ. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्यांबरोबर परभणी जिल्ह्यातील परतूरही त्यात आले. त्यामुळे येथील शब्दांची तालुकावार तुलना करणे सयुक्तिक ठरते. आज जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. ‘बोली’ नावाचा एक प्रोग्राम सी भाषेत लिहिला आहे आणि त्यास पुढील आज्ञा दिली आहे, अशी कल्पना करावी (पर्यायाचे रोमन अक्षर येथे नागरीत दिले आहे) :

बोली -टी अंबड,मंठा,किमान=५ संग्रह

या आज्ञेत ‘टी’ हा पर्याय, स्वल्पविरामांनी जोडलेले तीन घटक हे त्याचे उपपर्याय आणि ‘संग्रह’ हे फाइलचे नाव होय. किमान पाच वेळा आढळलेले शब्द तेवढे द्यावेत, असा तिसऱ्या उपपर्यायाचा आशय आहे.

या ओळीचा छेद तीन टप्प्यांत होतो. पहिला छेद शेल करतो आणि त्याची खूण म्हणजे मोकळी जागा. दुसरा छेद ‘गेटऑप्ट’ हे फंक्शन करते. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स परंपरेतून आलेले हे फंक्शन १९८५ साली डॅलस येथील युनिफोरम परिषदेत सर्वांसाठी खुले करण्यात आले. ते आडव्या रेघेनंतरचे अक्षर ओळखते आणि त्याला जोडलेला मजकूर ‘ऑप्टआर्ग’ या पॉइंटरच्या स्वाधीन करते. तिसरा छेद ‘गेटसबऑप्ट’ करते. त्यास मान्य नावांची एक सारणी द्यावी लागते. प्रत्येक हाकेसरशी ते एक उपपर्याय तोडते, सारणीतील त्याचा क्रमांक परत देते आणि बरोबरच्या चिन्हापुढील मूल्याकडे बोट दाखवते. नाव सारणीत नसेल तर ते उणे एक देते. क्रमांक शून्यापासून सुरू होतात. म्हणून शून्य या उत्तराचा अर्थ ‘पहिले नाव सापडले’ असा आहे, अपयश असा नव्हे.

या तिघांपैकी कोणासही अर्थ कळत नाही. प्रत्येकास केवळ आपली खूण कळते. मराठी लेखनात स्वल्पविरामानंतर जागा सोडण्याची रीत आहे. त्या सवयीने ‘अंबड, मंठा’ असे लिहिले की शेल तेथेच ओळ तोडतो. ‘टी’च्या वाट्यास फक्त ‘अंबड,’ येते आणि उरलेला ‘मंठा,’ फाइलच्या नावांत जाऊन बसतो. उलटपक्षी, एखाद्या मूल्यात स्वल्पविराम खरोखरच हवा असेल, तर गेटसबऑप्टजवळ त्याची सोय नाही. तेथे छेद व्हायचाच.

दुसरी अडचण लिपीची आहे. नागरी अक्षर यूटीएफ-८ संकेतात तीन बाइट व्यापते. ग्नूच्या ग्रंथालयातील गेटऑप्ट एका वेळी एकच बाइट पाहते. त्यामुळे ‘त’ हे अक्षर पर्याय म्हणून दिल्यास ते त्याला तीन वेगवेगळे पर्याय समजते. गेटसबऑप्ट मात्र संपूर्ण नावाची तुलना करीत असल्याने नागरी उपपर्याय त्यास चालतात. तथापि ही तुलना बाइटांची असते, दिसणाऱ्या रूपाची नव्हे. ‘तऱ्हा’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांस एकच दिसतात, पण तुलनेत ती भिन्न ठरतात. ‘घनसावंगी’ आणि ‘घनसांवगी’ यांत तर अनुस्वाराची जागाच बदलते. अशा प्रत्येक प्रसंगी फंक्शन उणे एक देते आणि प्रोग्रामकर्त्याने त्याची दखल घेतली नाही, तर एक संपूर्ण तालुका यादीतून गळतो.

मूल्यांचीही हीच गत आहे. ‘किमान=५’ यातील पाच हा आकडा नसून केवळ अक्षर आहे. त्याचे संख्येत रूपांतर करणाऱ्या ‘स्ट्रटोल’ फंक्शनास नागरी अंक कळत नाही. ते शून्य देते, किमान मर्यादा नाहीशी होते आणि एकदाच आढळलेले शब्दही यादीत शिरतात. रूपांतर नेमके कोठे थांबले, हे दुसऱ्या पॉइंटरवरून तपासले तरच ही चूक उघड होते.

संशोधकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आणखी एक आहे. गेटसबऑप्ट स्वल्पविरामाच्या जागी शून्य बाइट लिहिते, अर्थात् मूळ मजकूरच मोडते. छेद झाल्यावर ऑप्टआर्ग छापून पाहिल्यास ‘अंबड’ एवढेच दिसते. यादी अंबड व मंठा या दोन्ही तालुक्यांची, पण नोंद एकट्या अंबडची, असा प्रकार होतो. आणि पुढील अभ्यासकास तीच यादी पुन्हा सिद्ध करता येत नाही. यास्तव छेदापूर्वी मूळ मजकुराची प्रत करावी, तीच नोंदवहीत उतरवावी आणि अनोळखी नाव दिसताच प्रोग्रामने काम थांबवून ते नाव सांगावे. संहितेची प्रत जपून मगच पदपाठ सिद्ध करणे ही भाषाभ्यासाची जुनी शिस्त आहे. आज्ञेच्या ओळीसही तीच शिस्त लावली पाहिजे.